रुमालाखालचा भाव

माझा मेव्हणा नांदेडला असतो. सरकारी नोकरीत होता, आता पेन्शनीत आहे. घरात कुणाचं लग्न असो की बारसं, पंगत उठली की तो अडकित्ता काढतो आणि सुपारी कातरता कातरता एक गोष्ट सांगतो. "आमच्या भाचीला पोहायला कुणी शिकवलं? मी. पाण्यात सोडून दिली. सोडल्याबिगर लेकरू शिकत नसतंय." ऐकणारे माना डोलवतात. एखादा म्हणतो, "खरंय साहेब, काळीज घट्ट करावं लागतंय."

मी तिथंच बसलेला असतो आणि एक शब्द बोलत नाही. मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही. बैलाच्या एका दातावरून मी अख्खा बाजार गोळा होईल असं भांडलेला माणूस आहे. मेव्हण्यापुढं मात्र गप्प बसतो. का बसतो ते शेवटी सांगीन. आधी झालं काय ते.

मी उदगीरच्या बाजारात बैलांचा दलाल होतो. माझे वडील दुसऱ्यांची जनावरं राखायचे. मी पोरसवदा वयात कासरे आणि घुंगुरमाळा विकत बाजारात शिरलो, दावणीला बसून बसून बैल वाचायला शिकलो. देवणी कोणता, लाल कंधारी कोणता, कुणाच्या खुरात खोट आहे, कुणाला मालकानं सकाळी पोटभर पाणी पाजून फुगवून आणलंय, हे मी चालीवरून सांगायचो. त्या दलालीवर मी घर बांधलं, आणि गावाबाहेर थोडी जमीन घेतली. जमीन मुरमाड होती, पण विहीर होती. विहीर बघूनच घेतली.

बायको नांदेडची, शिकलेल्या घरातली. आमच्या लग्नात, अक्षता पडायच्या आधी, हा मेव्हणा कुणाला तरी म्हणाला, "काय करता, आमच्या नशिबाला हेडी आला." हेडी म्हणजे गुरांचा व्यापारी. शब्दात काही वाईट नाही, पण त्यानं तो नाक वर करून म्हटला होता. मी ऐकलं. माझ्या धंद्यात ऐकलेलं विसरून चालत नाही.

आमच्या मुलीला मी आधी आमच्याच विहिरीत उतरवलं होतं. आमच्याकडे लेकरं पाठीला पत्र्याचा डबा बांधून शिकतात, तशीच ती शिकत होती. डब्यासकट विहिरीला गोल गोल फिरायची आणि वरून मी हाक मारली तरी बाहेर यायची नाही. नववं सरून तिला दहावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात मेव्हण्याचा निरोप आला, "विहिरीत काय बेडकासारखं शिकवायलाव? नांदेडला तलाव हाय. मास्तर हाय. पाठवून द्या, सुट्टीत शास्त्रशुद्ध शिकून येईल." बायकोला ते पटलं. मला पटलं नव्हतं, पण माहेरच्या गोष्टीला नाही म्हणायचं म्हणजे किती भाव मोजावा लागतो हे मला माहीत होतं. पाठवली.

सुट्टी संपायच्या आतच तो तिला परत घेऊन आला. ओसरीवर बसून चहा पिता पिता हसत म्हणाला, "दाजी, तुमची पोरगी लई भित्री. मी सोताच पाण्यात उतरलो होतो तिला शिकवायला. धरलंय, धरलंय म्हणलं आन् खोल पाण्यात दिली सोडून. असंच शिकतेत लेकरं. तर ही गेली की गटांगळ्या खात तळाला! मास्तरनं काढली. दोन-चार दिस रडली. होईल बरी." मग अजून हसला. "हेड्याची पोरगी, दावं सुटलं की बैलावानी बिथरली."

मी कप खाली ठेवला. बायको दारात उभी होती, तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी कप परत उचलला. पाहुणा संध्याकाळच्या गाडीनं गेला. मी मात्र त्या दिवसापासून ते मनात बांधून ठेवलं.

पोरगी बरी झाली नाही. आधी मला वाटलं पाण्याला भ्याली. डोक्यावरून तांब्या ओतू द्यायची नाही, केस ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची. पण गोष्ट तेवढीच नव्हती. मी तिला सायकल शिकवायला घेतली होती. मागून कॅरिअर धरून "धरलंय, चल" म्हटलं की पूर्वी सुसाट निघायची. आता "धरलंय" म्हटलं की खाली उतरून उभी राहायची. शाळेत कवायतीला पोरींचा मनोरा करायचे, त्यात ही वरच्या थरावर असायची. ते तिनं सोडलं. बाई म्हणाल्या, खालच्या पोरी "आम्ही हाव ना" म्हणतात आणि ही कट्ट्यावर जाऊन बसते. बायको रात्रंदिवस एकच घोकायची, "माझ्या लेकराचं काय झालं हो?"

त्याच वर्षी दुष्काळ होता. मृगात ढग आले आणि गेले. गणपतीत आले आणि गेले. बाजारात बैल जास्त आणि घेणारे कमी झाले. आमचा जिल्हा नुकताच लातूर झाला होता. पूर्वी आम्ही उस्मानाबादला खेटे घालायचो, साहेब कधी आमच्या भागात दिसायचा नाही. आता लातुरातून सकाळी निघालेली जीप दुपारच्या आत दारात यायची, आणि येताना काहीतरी हुकूम घेऊनच यायची. गावातले आड आटले होते. ज्याच्या शेतातल्या विहिरीला पाणी आहे ती विहीर सरकार पिण्यासाठी ताब्यात घेणार, असं बोललं जात होतं. माझ्या विहिरीला पाणी होतं.

मी रोज विहिरीवर जाऊन बघायचो. एक दिवस मला एक गोष्ट दिसली. आमच्या विहिरीच्या पोटात, पायऱ्या संपतात तिथं, एक रुंद दगडी कट्टा आहे. जुन्या मालकानं मोटेसाठी कधीतरी केला असावा. चांगल्या साली तो पाण्यात खोल बुडालेला असतो, कुणाला त्याची आठवणसुद्धा येत नाही. त्या वर्षी पाणी उतरत उतरत असं झालं होतं की माणूस कट्ट्यावर उभा राहिला तर पाणी छातीला लागावं. कट्ट्याच्या पुढं मात्र खोल. म्हणजे मी पाय रोवून उभा राहू शकत होतो, आणि लेकरू माझ्या हातावर पाण्यात आडवं होऊ शकत होतं. भरल्या विहिरीत ते कधीच जमलं नसतं. पण पाणी रोज उतरत होतं. थोड्या दिवसांनी कट्टा कोरडा पडणार, त्याआधी सरकारनं विहीर घेतली तर तेही नाही. पुढच्या साली पाऊस कसा पडेल कुणाला ठाऊक, आणि पोरगी पुढच्या साली ह्याच्यापेक्षा जास्त घट्ट झालेली असेल. भीतीचं आणि बैलाचं एक आहे. सवय लागली की मोडत नाही. जे करायचं ते त्याच दिवसांत करायचं होतं.

मी तिला घेऊन गेलो. शेवटच्या पायरीवर बसली आणि हलेना. मी पाण्यात उभा.

"ये बाई. मी हाय ना."

"न्हाई."

"तुला जत्रंत नेतो. मोठ्या पाळण्यात बसवतो."

"न्हाई."

"डबा बांधू का पाठीला?"

"डबा सुटला तर?"

"मग मी धरतो की! अप्पा धरायलाय म्हणल्यावर भेतीस कशाला?"

तिनं माझ्याकडं बघितलं. दहा वर्षांच्या लेकराच्या डोळ्यांत इतका हिशेबीपणा मी कधी बघितला नव्हता. म्हणाली, "तोंडानं सगळेच धरतेत."

मी चिडलो. खोटं कशाला सांगू, मी जोरात ओरडलो, आणि विहिरीनं ते ओरडणं दुप्पट करून परत दिलं. ती उठली आणि पायऱ्या चढून निघून गेली. वर बांधावर शेजारचा म्हातारा शेळ्या घेऊन उभा होता. "दलाल, लोकांला प्यायला पाणी न्हाई आन् तुमी लेकीला पोहायला शिकवायलाव?"

"पोहल्यानं पाणी आटलं असतं तर बेडकांनी कवाच विहीर संपवली असती," मी म्हटलं. तो हसत गेला. मला हसू आलं नाही. तिचं ते वाक्य मला टोचत होतं, कारण ते खरं होतं.

बाजाराच्या दिवशी ती माझा डबा घेऊन आली. मी तेव्हा बीदरकडच्या एका व्यापाऱ्याबरोबर सौद्यात होतो. आमच्या बाजारात भाव तोंडानं होत नाही. डोक्याचा रुमाल सोडायचा, दोघांच्या हातावर टाकायचा, आणि रुमालाखाली समोरच्याची बोटं धरायची. किती बोटं धरली, कशी धरली, त्यावर भाव. वरून भोवतीच्या लोकांसाठी तोंड चालू असतं. हा गडी कानडी बोलणारा, मोठा नाटकी. रुमालाखाली माझी बोटं धरतोय आणि वर आभाळाकडं बघून ओरडतोय, "आगल्ला! आगल्ला!" म्हणजे जमत नाही. मीही ओरडलो, "तर मग जा तुझ्या गावाला!" त्यानं खाली माझी बोटं मिटवली आणि मूठ दाबली. मूठ दाबली की सौदा झाला. तो दावं सोडून बैल घेऊन गेला.

पोरगी सगळं बघत होती. भाकरी सोडताना म्हणाली, "अप्पा, त्यो नको नको म्हणायला होता, मग बैल कसा काय नेला?"

"त्यो तोंडानं नको म्हणायला होता. बोटानं हो म्हणला."

"मग खरं कोणतं?"

"बोटं. तोंड बाजारासाठी असतंय. बोटं सौद्यासाठी."

"बोटं खोटं बोलत न्हाईत?"

"बोलली तर त्या माणसाला परत कुणी हात देत नाही. त्याच्या गावचे दलालसुद्धा रुमाल टाकत न्हाईत त्याच्या हातावर. संपला त्यो बाजारातून."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, आणि शांतपणे म्हणाली, "मग मामाला कुणी हात देऊ नये."

माझा घास तोंडाशी थांबला. ती पाण्याला भ्यालीच नव्हती. तिनं सौदा केला होता आणि समोरच्यानं सौदा मोडला होता. इतकी साधी गोष्ट, आणि ती मला कळायला हवी होती सगळ्यांच्या आधी. ज्याला रुमालाखाली एकदा फसवलं, त्याला तुम्ही गोड बोलून, जत्रा दाखवून, ओरडून परत बाजारात आणू शकत नाही. त्याला परत हातात हात द्यावा लागतो आणि ठरलेला भाव पाळावा लागतो. हे काम मला येत होतं. मेव्हण्याच्या सात पिढ्यांना येत नव्हतं.

मी डबा बाजूला सारला, डोक्याचा रुमाल सोडला आणि माझ्या हातावर टाकला. "बोल. भाव काय?"

"कशाचा?"

"विहिरीचा. उद्या सकाळी पाण्यात तुझ्या पोटाखाली माझा हात. किती बोटं पाहिजेत ती तू सांगायची. तू ठरवलंस त्यापेक्षा एक बोट कमी झालं तर मी बाजारातून उठलो. कमी करायचं ते तूच करायचं. मी न्हाई."

तिनं चटणीचे हात फडक्याला पुसले. मग रुमालाखाली हात घातला आणि माझं मनगट दोन्ही हातांनी गच्च धरलं. सगळी बोटं, वर पंजा, वर मनगट. मी आभाळाकडं बघून ओरडलो, "अगं माय, लुटलंस की गरिबाला! आगल्ला! आगल्ला!" आजूबाजूचे दलाल वळून बघायला लागले. एकजण म्हणाला, "काय हो, लेकीलाच बैल विकायलाव का?" तिला हसू फुटलं. नांदेडहून आल्यापासून मी ते हसू बघितलं नव्हतं. मी तिची बोटं मिटवली आणि मूठ दाबली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही रोज सकाळी विहिरीवर जायला लागलो. कट्ट्यावर उभं राहायच्या आधी पायरीवर सौदा व्हायचा, रुमालासकट. रुमाल नसला तर ती मानायची नाही. पाण्यात आडवी झाली की रुमाल तिच्या पोटापाशी तरंगायचा आणि त्याच्याखाली माझा हात. पहिल्या दिवशी मनगटासकट हात तिनं धरून ठेवला आणि नुसती पडून राहिली. पाय हलवले नाहीत. मी काही म्हणालो नाही. मला आयुष्यात एवढी गप्प बसायची सवय नाही, पण बसलो. मग एके दिवशी तिनं मनगट सोडलं. मग पंजा. बोटांवर आली. वर तोंडानं आमचा खेळ चालूच असायचा.

"चार देतो. घ्यायचं तर घे."

"आगल्ला अप्पा, पाच!"

"गिऱ्हाईक लई चेंगट दिसतंय."

"तुमचीच लेक हाय."

एकदा बायको बघायला आली. वरून वाकून बघते तर पोरगी हातपाय मारतेय आणि माझी दोनच बोटं तिच्या पोटाला लागलेली. बाईच ती, तिला आनंद आवरेना. "अहो, सोडा की आता! पोहायली ती! तुमची बोटं नुसती लागल्यात!"

पोरीचं अंग एकदम ताठ झालं. माझ्या बोटांना ते कळलं, जसं बैलाच्या पाठीवर हात ठेवला की कातडी थरथरलेली कळते. मी वर बघून इतक्या जोरात ओरडलो की पारवे उडाले. "गप बस! सोडायचं का न्हाई ते ती ठरवंल! सौदा तिचा हाय!" बायको रागानं निघून गेली आणि दिवसभर बोलली नाही. पण खाली, पाण्यात, पोरीचं अंग परत सैल झालं होतं. बायकोचं बरोबर होतं, पोरगी खरंच तरंगत होती. पण तरंगणं मला शिकवायचं नव्हतं. ते डब्यानंसुद्धा येतं.

दोन बोटांवरच असताना एक गोष्ट घडली. पाणी आता कमरेपर्यंत उतरलं होतं आणि कट्ट्यावर शेवाळ उघडं पडलं होतं. ती पुढं सरकली तसा मीही एक पाऊल पुढं टाकलं आणि माझा पाय सटकला. मी कट्ट्यावरून खोल पाण्यात गेलो, डोक्यासकट. नाकातोंडात पाणी. माणूस अशा वेळी दोन्ही हात मारतो, ते आपोआप होतं. मी एकच हात मारला. दुसरा मारायचा नाही एवढं एकच डोक्यात होतं. डावा हात भिंतीच्या दगडाला लागला, त्याला धरून मी वर आलो, खोकत, रुमाल तोंडावर चिकटलेला. पोरगी माझ्या उजव्या हातावर होती. दोन बोटांवर. तिनं पाय मारायचे थांबवले नव्हते.

कट्ट्यावर आलो, तिला बसवलं. माझा खोकला थांबेना. ती माझ्या हाताकडं बघत होती. मग ती दोन बोटं तिनं आपल्या हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली. म्हणाली, "अप्पा, तुमी बुडाला होता."

"हाव. मग?"

"बोटं सुटली न्हाईत."

"दोनाचा भाव ठरला होता की."

 घरी जाताना ती पुढं पुढं पळत होती. संध्याकाळी तिनं मला सायकल काढायला लावली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तलाठी आला. आमच्याच गावचा तलाठी, पण त्या दिवशी त्याच्या चालीत नव्या जिल्ह्याचा जोर होता. बरोबर पाईप घेऊन दोन माणसं. आम्ही नुकतेच विहिरीवर पोचलो होतो. म्हणाला, "दलाल, विहीर ताब्यात घ्यायचा हुकूम हाय. आजपासून पिण्याचं पाणी. आत कुणी उतरायचं न्हाई. औषध टाकायचंय."

"उद्या टाका."

"साहेब यायलेत लातूरहून. नवे साहेब हायत, लई कडक. पाणी चालू दिसलं पाहिजे त्यांना."

माझं डोकं तापलं. विहीर माझी, जमीन माझी, आणि हा मला माझ्या पायरीवर उभं राहून सांगतो उतरू नको. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात मला दिसलं की पोरगी आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघतेय. भांडणात दिवस गेला असता. मी आवाज खाली आणला. "तुमच्याजवळ पाणी उपसायचं इंजन हाय का?"

तलाठी जरा घुटमळला. "तहसीलातून मागवलंय. येईल."

"कवा येईल? तुमचे साहेब यायच्या आधी का नंतर? माझ्याकडं इंजन हाय. पट्टा नवा हाय. मी सोता बसवून देतो, आत्ता दुपारच्या आत, एक पैसा न घेता. तोवर विहीर माझी. बोला."

त्यानं पाईपवाल्यांकडं बघितलं. "दुपारच्या आत?"

"तुमचे साहेब येतील तवा गावच्या टाकीत पाणी पडताना दिसलं पाहिजे ना? दिसंल."

"बरं. बसतो बांधावर."

आम्ही खाली उतरलो. पाणी आता कट्ट्यावर गुडघ्याएवढंच होतं. मी उभा राहिलो तर हात तिच्या पोटापर्यंत पोचणार नव्हता, गुडघ्यावर बसलो तरी पुढं खोलात हात लांबवावा लागणार. त्या पाण्यात मला तिला नीट धरता येणार नाही हे मला कळलं होतं, आणि तिलाही. मी तरी रुमाल सोडला. ठरलेला रिवाज. पायरीवर बसून तिच्यापुढं हात धरला आणि वर रुमाल टाकला. भाव आदल्या दिवशी एका बोटावर आला होता.

तिनं रुमालाखाली हात घातला. माझं एक बोट धरलं. थोडा वेळ धरून ठेवलं. मग ते बोट मिटवलं, बाकीची चारही मिटवली, आणि माझी मूठ दाबली. दाबताना तोंडानं मोठ्यानं ओरडली, "आगल्ला, अप्पा! आगल्ला!" विहीर घुमली. वर तलाठी दचकून उभा राहिला.

ती कट्ट्यावरून पुढं गेली. सूर मारला नाही, पाय टाकून शांतपणे पाण्यात शिरली आणि पोहायला लागली. आमची विहीर चांगली रुंद आहे. समोरच्या भिंतीला तिनं हात लावला, तिथल्या दगडाला जरा वेळ धरून राहिली, माझ्याकडं बघितलं. मी मूठ मिटूनच बसलो होतो, ती तिला दाखवली. ती परत आली. परत गेली. तलाठी वरून म्हणाला, "वा रे पोरी!" आणि त्याच्या माणसांपैकी एकानं टाळी वाजवली. मी रुमालानं तोंड पुसलं. ओलाच होता, त्यामुळं कुणाला काही कळलं नाही.

दुपारच्या आत मी इंजन बसवून दिलं. साहेब आले, टाकीत पडणारं पाणी बघितलं, तलाठ्याची पाठ थोपटली आणि गेले. तलाठ्यानं माझं नाव काढलं नाही. तेही मी लक्षात ठेवलं आहे.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. उन्हाळ्यात पोरगी आपणहून म्हणाली, "नांदेडला जायचं." मी बरोबर गेलो. मनात जय्यत तयारी करून गेलो होतो. मेव्हण्याला चार लोकांत काय काय सुनवायचं ते उदगीरपासून नांदेडपर्यंत एसटीत जुळवत होतो. लग्नातल्या त्या 'हेडी' शब्दापासून सुरुवात करणार होतो.

तलावावर सकाळची गर्दी होती. पोरगी पाण्यात उतरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, खोल भागावरून, न थांबता. मास्तर बघत राहिला. मेव्हण्यानं दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि भोवतीच्या लोकांना मोठ्यानं सांगितलं, "बघा! मागच्या साली मी खोलात सोडली होती, म्हणून ही आज अशी पोहती. सोडल्याबिगर लेकरू शिकत नसतंय!"

माझी कानशिलं तापली. मी एक पाऊल पुढं टाकलं, तोंड उघडलं. तेवढ्यात पोरगी पाण्यातून वर आली, अंगावरून पाणी निथळत होतं. माझ्या खांद्यावरचा रुमाल तिनं ओढून घेतला. मला वाटलं अंग पुसायला. तिनं तो माझ्या हातावर टाकला, खाली हात घातला, माझी बोटं एक एक करून मिटवली आणि मूठ दाबली.

मेव्हणा म्हणाला, "काय चाललंय बापलेकीचं?"

"काही न्हाई मामा," ती म्हणाली. "रुमालाखालचा भाव सांगत नसतेत."

मी उघडलेलं तोंड मिटलं. सौदा झाला होता. एवढं जुळवलेलं भांडण मी जसंच्या तसं एसटीत परत घेऊन आलो, आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ती सुपारीची गोष्ट ऐकत आलो. मी ठरलेला भाव कधी मोडलेला नाही, आणि तिच्याशी तर मुळीच मोडणार नाही.

पण आता मी म्हातारा झालो आहे, आणि धंदा सोडला तरी दलालाचं डोकं सुटत नाही. मी त्या सौद्याचा बारकाईनं विचार केला आहे. नांदेडच्या तलावावर तिनं माझं तोंड बंद केलं. बोलायचं नाही, असं ठरलं. लिहायचं नाही, असं काही ठरलेलं मला आठवत नाही.